लाट मोडायचीच आहे, तर तिची वीज घ्या: बंदरं बांधणाऱ्यांना कराडहून खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या बंदरांचे आणि विजेचे निर्णय घेणारे मंत्रिमहोदय, सचिव आणि अभियंते

सादर नमस्कार.

मी कराडचा. १९९१ पासून इथे पंपदुरुस्ती आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. समुद्र बघायचा तर मला कुंभार्ली घाट उतरावा लागतो, आणि हे पत्र लिहायची वेळ त्यामुळेच आली.

माझी धाकटी बहीण कोकणात एका मासेमारी बंदराच्या गावी दिली आहे. मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो असताना बंदराच्या कामाबद्दल लोकांची मतं ऐकायला बैठक ठेवली होती, म्हणून मीही जाऊन बसलो. ब्रेकवॉटर, म्हणजे बंदराच्या तोंडाशी लाटा अडवणारा दगड-काँक्रीटचा बंधारा, वाढवायचा होता. मी उठून विचारलं, एवढा बंधारा बांधताच आहात तर त्यात लाटेवर वीज करणाऱ्या पेट्या बसवायचा विचार झालाय का? समोरच्या साहेबांनी माझं गाव विचारलं आणि म्हणाले, "साताऱ्यात समुद्र कधीपासून आला?" सभागृह हसलं, आणि पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं गेलं.

मी खाली बसलो. त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा सुचलं नाही, आज देतो.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा मी जन्मलो नव्हतो. आजीने निघताना देवघरातले टाक फडक्यात बांधून घेतले, जातं बैलगाडीत घातलं आणि उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, हे वडिलांकडून ऐकलेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही जोती उघडी पडतात. वडील होते तोवर मे महिन्यात आम्हाला तिथे न्यायचे. भेगाळलेल्या चिखलातून चालत जाऊन आमच्या घराच्या जोत्यावर नारळ फोडायचे, आणि परत येईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत.

कोयनेची पहिली वीज १९६२ साली निघाली. आज सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅटचा तो प्रकल्प आहे. सगळं राज्य त्याला वरदायिनी म्हणतं, आणि ते खरंच आहे. आम्हाला ज्या माळावर वसवलं तिथे मात्र दिवा लागला १९७६ साली. तोवर मी ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाखाली अभ्यास केला. रोज संध्याकाळी राखेने काच पुसायचं काम माझ्याकडे होतं. काच तडकली तर नवी येईपर्यंत अभ्यास बंद.

आणि त्या धरणाचं पाणी जातं कुठे? सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं. जे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळायचं, त्यातलं कितीतरी आम्ही साठ वर्षं पश्चिमेला पाठवतो आहोत. त्यामुळे साताऱ्याचा समुद्राशी काय संबंध, हे आम्हाला कोणी विचारू नये. विजेसाठी गाव देणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. म्हणूनच जिच्यासाठी एकही उंबरा बुडत नाही अशी वीज कुठे दिसली, की मी ती सोडून देऊ शकत नाही.

ती मला कुठे दिसली तेही सांगतो. एका जुलैत, बहिणीच्याच गावी, भाच्याबरोबर बंधाऱ्याच्या मुळाशी उभा होतो. पुढे जायची परवानगी नव्हती आणि जाण्यासारखं होतंही काही नाही. लाट टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा मोडायला टाकलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आपटली की तिचा दणका पायांतून छातीपर्यंत येत होता. पण माझं लक्ष वेधलं ते दोन दगडांमधल्या एका फटीने. लाट आली की त्या फटीतून हवेचा झोत बाहेर यायचा, शिट्टीसारखा आवाज करत. लाट मागे हटली की तीच फट हवा आत ओढायची. भाच्याने हातातला कागदाचा कपटा समोर धरला. तो आधी उडून त्याच्या तोंडावर आला आणि मग सप्पकन फटीला चिकटून बसला. पुन्हा उडाला, पुन्हा चिकटला. आम्ही दहा मिनिटं तेच बघत होतो. मी आयुष्यभर पंप उघडले आहेत. माझ्यापुढे तिथे एक पंप चालू होता, फक्त त्याला शाफ्ट जोडलेला नव्हता.

जगात हा शाफ्ट जोडून झाला आहे. बंधाऱ्यात काँक्रीटची पोकळ पेटी बांधायची. तिचं तोंड पाण्याखाली उघडं ठेवायचं आणि वर एक भोक. लाट आत शिरली की पेटीतलं पाणी चढतं, वरची हवा भोकातून जोरात बाहेर पडते. पाणी उतरलं की हवा परत आत येते. त्या भोकात टर्बाइन, म्हणजे हवेच्या झोताने फिरून वीज करणारं चाक, बसवायचं, झालं. अडचण एवढीच, की हवा एकदा इकडून येते आणि एकदा तिकडून. आधी यासाठी झडपा लावायचे, आणि झडप म्हणजे काय त्रास असतो ते फूटव्हॉल्व्ह बदलून हात सोलवटलेल्या माणसाला विचारा. बेलफास्टच्या विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी ही झडपच काढून टाकली. त्यांनी पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची केली. हवा कुठूनही येवो, चाक एकाच दिशेला फिरतं. मी दुकानातल्या पोरांबरोबर दोनशे लिटरच्या बॅरलचा तळ कापून, तो शेतातल्या हौदात वरखाली करून हे करून पाहिलं. पत्र्याची पाती दोनदा फसली. तिसऱ्या वेळी चाक बोटाने ढकलून द्यावं लागलं, पण मग हवा आत-बाहेर होत असताना ते उलटं फिरलं नाही. मोठ्या टर्बाइनलाही सुरुवातीला असा धक्का द्यावा लागतो.

स्पेनच्या बास्क प्रांतात मुत्रिकू नावाचं छोटं बंदर आहे. बोटींना आसरा हवा म्हणून तिथे नवा ब्रेकवॉटर बांधायला घेतला आणि त्याच्याच साधारण शंभर मीटर भागात १६ पेट्या घेतल्या. एकेक टर्बाइन १८.५ किलोवॅटचं, मिळून २९६ किलोवॅट. काम चालू असताना वादळांनी पेट्या फोडल्या, त्या पुन्हा बांधल्या, आणि २०११ साली वीज सुरू झाली. जपानमध्ये साकाता बंदराच्या ब्रेकवॉटरमध्ये १९८९ सालीच ६० किलोवॅटचं यंत्र बसवलं होतं. रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातही बंधाऱ्याच्या १७ पेट्या अशा रचनेच्या केल्या आहेत.

पण मला सगळ्यात जास्त लागते ती केरळची गोष्ट. विळिंजमच्या मासेमारी बंदरात, ब्रेकवॉटरजवळ १० मीटर खोल पाण्यात, मद्रासच्या आयआयटीतल्या लोकांनी काँक्रीटची अशीच पेटी बसवली आणि १९९१ साली त्यावर १५० किलोवॅटचं यंत्र सुरू केलं. मी दुकान थाटलं त्याच वर्षी. मुत्रिकूच्या वीस वर्षं आधी हे आपल्या देशात झालेलं होतं. पुढे तिथे लाटेच्या विजेवर खारं पाणी गोडं करण्याचाही प्रयोग झाला. आज ते यंत्र बंद आहे. पहिला डोसा आपण घातला आणि तवा उतरवून ठेवला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. बंधारा बांधताना हा विचार केला नाही तर नंतर करता येत नाही. लाटेच्या विजेचा मोठा खर्च यंत्राचा नसतो, समुद्रात काँक्रीट उभं करण्याचा असतो. बंदरासाठी तो खर्च तुम्ही करतच असता. पेटी त्याच वेळी घेतली तर वाढीव खर्चात भागतं. एकदा दगड, टेट्रापॉड, काँक्रीट सगळं बसलं की मग त्याला भोक पाडायला कोणी धजावणार नाही, आणि पाडूही नये. भिंत एकदा आंधळी बांधली की पुढची पन्नास वर्षं आंधळीच. म्हणून हा विषय "पुढे बघू" म्हणण्यासारखा नाही.

पालघरच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प, त्यात राज्याच्या सागरी मंडळाचा २६ टक्के हिस्सा, आणि समुद्रात १०.१४ किलोमीटर ब्रेकवॉटर. तिथल्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे. विस्थापिताचा मुलगा म्हणून त्यांच्या भीतीवर मी पांघरूण घालणार नाही. त्यांचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे. पण जो बंधारा तुम्ही बांधणारच म्हणता, त्याच्या दहा किलोमीटरांपैकी शंभर मीटरमध्ये तरी पेट्या घेता येतील का, हे कोणी तपासलं का? तपासलं असेल तर तो अहवाल लोकांपुढे ठेवा.

दुसरी तक्रार माझ्या अनुभवाची. बैठकीनंतर मी रीतसर अर्ज केला. बंदरांचं काम बघणाऱ्या एका कार्यालयाने कळवलं, "सदर विषय ऊर्जेशी संबंधित असल्याने या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही." मग तोच अर्ज विजेचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात दिला. तिथून उत्तर आलं, की ब्रेकवॉटरचं बांधकाम बंदरांच्या अखत्यारीत असल्याने अर्ज तिकडे वर्ग केला आहे. माझा अर्ज फिरून पहिल्याच टेबलावर गेला. दोन्ही कार्यालयांचं आपापल्या जागी बरोबर असेल. पण लाटेला हे ठाऊक नाही. बंदर आणि वीज यांच्या मधल्या फटीत हा सगळा विषय पडून आहे, आणि तो उचलायचं काम कोणाचंच नाही.

तिसरी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये समुद्राच्या ऊर्जेला, म्हणजे लाटा आणि भरती-ओहोटी धरून सगळ्याला, अपारंपरिक ऊर्जा म्हणून मान्यता दिली. कागदावरचा अडथळा तेव्हाच निघाला. लाटांची प्रतिकृती करून बंधारे तपासायची सोय पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय संशोधन केंद्रात कितीतरी वर्षं आहे. म्हणजे मान्यता आहे, प्रयोगशाळा आपल्याच राज्यात आहे, किनारा आपला आहे. एवढं असून आपल्या एकाही मासेमारी बंदराच्या बंधाऱ्यातून लाटेची वीज येत नाही.

यावर तुमचे आक्षेप काय असतील ते मी जाणतो. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला यंत्राचे दोष आधी सांगावे लागतात.

आपल्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा पावसाळ्यातच असतात, हे खरं. लाटेची उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते, त्यामुळे जुलैच्या आणि जानेवारीच्या लाटेत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे लाटा जोरात असताना बोटी वर ओढलेल्या आणि बर्फाच्या कारखान्यांनाही मागणी कमी. हे मी नाकारत नाही. पण आमच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघा. त्यांचाही खरा जोर पावसाळ्यातच असतो, म्हणून कोणी त्या काढा म्हणालं नाही. उलट, आपण आता शेतीपंपांपासून घरांच्या छपरांपर्यंत सगळीकडे सौर पॅनेल लावतो आहोत. आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा ती मंदावतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लाटा सगळ्यात मोठ्या असतात. बंदराला त्या वीजेची गरज नसली तरी तार गावाकडे जाते. कोकणातलं गाव पावसाळ्यात किती अंधारात असतं ते माझ्या बहिणीला विचारा.

खारी हवा लोखंड खाते. अगदी खरं. किनाऱ्यावरून दुरुस्तीला आलेली मोटार मी लांबून ओळखतो. बॉडीला पापुद्रे सुटलेले असतात, आतलं वाइंडिंग हिरवं पडलेलं असतं. हे यंत्र त्या मानाने सोपं एवढ्याचसाठी, की त्याचं फिरणारं चाक पाण्यात नसतं, हवेत असतं, आणि बंधाऱ्यावर चालत जाऊन ते उघडता येतं. खोल समुद्रात तरंगणाऱ्या यंत्राला ही सोय नाही. निगा ठेवावीच लागेल, आणि निविदेत यंत्र बसवण्याचे पैसे धरून देखभालीचे विसरलात तर तीन पावसाळ्यांत भंगार होईल. हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

आणि वीज महाग पडेल, थोडी मिळेल. मुत्रिकूचं यंत्र वर्षाला सुमारे अडीच लाख युनिट देतं, पूर्ण क्षमतेच्या जवळपास एक दशांश. महिना शंभर युनिट वापरणाऱ्या दोनशे घरांची ती वीज. सौर पॅनेल क्षमतेच्या साधारण पाचवा हिस्सा देतात, म्हणजे त्यांच्याशी आज बरोबरी नाही. कोयनेपुढे तर ही ठिणगीसुद्धा नाही. पण मी तुमच्याकडे दुसरी कोयना मागत नाही. दोनशे घरांची वीज, जिच्यासाठी कोणाचा देव फडक्यात बांधावा लागला नाही, ती माझ्या हिशेबात लहान नाही. वर या पेट्या लाट पोटात घेतात, त्यामुळे सपाट भिंतीवर आपटून लाट जशी उलटी फिरते तशी ती कमी फिरते, आणि बोटींना ते बरंच पडतं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

यापुढे राज्यात ब्रेकवॉटर नवा बांधायचा असो, वाढवायचा असो की मोठी दुरुस्ती असो, निविदा काढण्याआधी त्या जागी वीज करणाऱ्या पेट्या बसतील का याची तांत्रिक तपासणी सक्तीची करा आणि तिचा अहवाल मराठीत प्रसिद्ध करा. जागा योग्य नसेल तर तसं लिहा. सगळीकडे पेट्या बांधा असं मी म्हणत नाही.

एक बंदर निवडा, जिथे बंधाऱ्याचं काम नाहीतरी होणार आहे. तिथे चार-पाच पेट्या घ्या, पाच पावसाळे चालवा आणि दर महिन्याला किती युनिट निघाले, किती दिवस यंत्र बंद होतं, का बंद होतं, याचा फलक बंदरावरच लावा. फसलं तर फसलं म्हणून लिहा. विळिंजमचा अनुभव कागदोपत्री असेल तो मागवून आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकवा.

त्या बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या संमतीशिवाय एक दगड टाकू नका. बंदराचं तोंड अरुंद होणार नाही, बोटी लावायची जागा जाणार नाही, हे त्यांना लेखी द्या. पहिली वीज त्यांच्या जेट्टीवरच्या दिव्यांना आणि जाळी विणायच्या शेडला द्या. आमच्या माळावर दिवा यायला चौदा वर्षं लागली, तसं पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये.

यंत्रं इथेच करून घ्या. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना उभा आहे आणि तिथल्या पंपांचं नाव देशभर आहे. सांगली-कराड पट्ट्यात ओतकाम करणारे, पॅटर्न बनवणारे, शाफ्ट सूतभरही न हलता बसवणारे कारागीर आहेत. सांगलीत आणि कराडला अभियांत्रिकीची जुनी महाविद्यालयं आहेत. १८-२० किलोवॅटचं टर्बाइन आमच्या लोकांच्या आवाक्यातलं आहे. नकाशा द्या, ओतून दाखवतील.

आणि या विषयाला एक मालक द्या. बंदर आणि ऊर्जा या दोन्ही खात्यांचा मिळून एक अधिकारी नेमा, ज्याच्या नावाने अर्ज करता येईल आणि ज्याला तो दुसरीकडे वर्ग करता येणार नाही.

कोयनेच्या अनेक विस्थापितांचं पुनर्वसन आजही अर्धवट आहे, तो वेगळा लढा आहे आणि तो चालूच राहील. हे पत्र त्याच्या बदल्यात नाही.

समुद्रातली कामं पावसाळ्यात थांबतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा सुरू होतात. त्याआधी या पत्राचं उत्तर मिळावं, आणि ते एकाच कार्यालयाकडून मिळावं, अशी विनंती आहे. माझा बॅरल आणि पत्र्याचं चाक दुकानात ठेवलेलं आहे. तुमच्यापैकी कोणाला बघायचं असेल तर या. नाहीतर सांगा कुठे यायचं, टेम्पोत घालून मी घेऊन येतो.

आपला,
कराडचा एक पंपदुरुस्ती करणारा